सडव्याचा वास

सागझिरा पाड्यातल्या मोतीबाईचं नाक साऱ्या सातपुड्याच्या पायथ्याला ठाऊक होतं. माणसानं तिच्यासमोर तोंड उघडून नुसतं 'हा' केलं, की त्यानं मोहाची घेतली की गुळाची, पहिल्या धारेची की पाणी मारलेली, आज सकाळी की काल संध्याकाळी, हे ती बसल्या जागी सांगायची. यात जादू काही नव्हती. बावीस वर्षं तिनं स्वतः भट्टी लावली होती, आणि तिच्या हातची दारू पोलिसांच्या नाकावर टिच्चून थेट चोपड्यापर्यंत जायची. कुठल्या माठातला सडवा, म्हणजे भिजत घालून आंबवलेली मोहाची फुलं, आज चुलीवर चढवायचा आणि कुठला उद्या, हे ती झाकण न काढता ओळखायची. असं नाक आणि असा हट्ट एकाच बाईला मिळू नये, पण मिळाला होता खरा.

दुष्काळाच्या वर्षी होळीला तिचा नवरा भुरा तिच्याच हातची पिऊन तिच्याच धाकट्या भावावर कुऱ्हाड घेऊन धावला. कारण काय, तर कोंबडीचा वाटा. भाऊ अंगणातच गेला आणि भुरा धुळ्याच्या तुरुंगात. भावाला माती देऊन मोतीबाई घरी आली, तिनं मुसळ उचललं आणि स्वतःच्या भट्टीचे सगळे माठ फोडले. मग शेजारणीचे फोडले. मग समोरच्या घरच्या तोतारामची बायको धुरपदाबाई, तिला हाताशी धरून तिनं पाड्यातल्या तीस बाया जमवल्या, आणि पंधरा दिवसांत या नाल्यापासून त्या नाल्यापर्यंत एक भट्टी धड ठेवली नाही. खालच्या गावचा कौतिक नाल्याच्या वळणावर झोपडी टाकून दारू विकायचा. बाया आल्या तेव्हा तो हसला. बायांनी त्याचा गुडघा दगडानं फोडला. तेव्हापासून तो लंगडत चालायचा आणि बायांकडे बघून हसायचा नाही.

पुरुषांसाठी कायदा मोतीबाईनंच केला. बाजाराच्या दिवशी उन्हं कलायच्या आत सगळ्यांनी परत यायचं, पाड्याच्या तोंडाशी चिंचेखाली तिच्यासमोर उभं राहायचं आणि 'हा' करायचं. वास आला तर खांबाला बांधायचं, आणि पहिली काठी त्याच्याच घरातल्या बाईनं घालायची. आई, बायको, बहीण, जी असेल ती. परक्या बाईनं आधी हात उचलला तर घराघरांत वैर लागेल, असं तिचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. उतरेपर्यंत माणूस बांधलेलाच ठेवायचा आणि त्याला पाण्याचा थेंब द्यायचा नाही, कारण पोटातल्या शिळ्या दारूवर पाणी पडलं की ती पुन्हा चढते, अशी तिची भट्टीवरची पक्की समजूत होती. तोतारामवर तीनदा ही पाळी आली होती. धुरपदाबाईच्या काठीचे वळ त्याच्या पाठीवर अजून दिसत.

आता चैत्रामचं. मोतीबाईचा एकुलता एक, एकोणीस वर्षांचा, बापाच्या वळणावर जाऊ नये म्हणून तिनं डोळ्यात तेल घालून वाढवलेला. वैशाखात महिनाभर तो चोपड्याकडे केळीच्या कापणीला गेला आणि परतला तो अर्धा होऊन. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले. पाण्याचा रांजण एकटा संपवायचा आणि सारखा उठून बाहेर जायचा. त्याची बायको रुपली सासूला दोनदा म्हणाली, "आत्या, यास्नं अंग बरं नही शे. पानी पी पी करतस, आनी खायेल बठ्ठं उलटी पडस."

"उन्हाना दिवस शेतस," मोतीबाई म्हणाली. "पानी कोन नही पेस?"

रुपलीवर तिचा राग होता असं नाही. पण भुरासाठी तिनं स्वतः वीस वर्षं हेच सांगितलं होतं: आज त्याचं अंग बरं नाही, आज त्याला उलटी झाली, आज त्याला झोपू द्या. बायका नवऱ्याचं काय काय झाकतात हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

त्या बाजारच्या दिवशी चैत्राम मीठ-मिरची आणायला गेला आणि सगळ्यांच्या शेवटी परत आला, झोकांड्या खात. चिंचेखाली तीस बाया काठ्या घेऊन उभ्या होत्या, आणि पलीकडे ज्यांचं 'हा' करून झालं होतं ते पुरुष. पहिली झोकांडी दिसली आणि बायांनी काठ्या सरळ धरल्या. तोताराम दगडावर बसला होता, तो उठून पुढं आला.

"हा कर," मोतीबाई म्हणाली.

"माय, पोटमा भलतं दुखी राहिनं," चैत्राम म्हणाला. "पानी दे."

"आगुदर हा कर."

त्यानं केलं. श्वास खोल होता आणि घाईचा, डोंगर चढून आल्यासारखा, आणि त्याला वास होता. गोड. चौथ्या दिवसाचा सडवा, फुलं फुटून वर आलेला, चुलीवर चढवायच्या बेताचा. तिनं पुन्हा हुंगलं. एक गोष्ट तिला खटकली, आणि ती इथंच सांगितली पाहिजे, कारण पुढं तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही ते त्याच गोष्टीसाठी. दारू नाकाला चावते. हा वास चावत नव्हता. दुसरी कुणी असती तर 'मला काही कळत नाही बाई' म्हणून मोकळी झाली असती आणि पुढचं काही घडलं नसतं. पण मोतीबाईला वासातलं कळत नाही, असं कसं होईल? तिच्या नाकानं लगेच उत्तर काढून दिलं. पोरगा दारू नाही, सडवाच प्यायलाय, माठातून ओंजळीनं. म्हणजे कुठंतरी माठ पुन्हा भरलेत.

"काय वं मोतीबाई," तोताराम म्हणाला. "मना येळे तुले इतला टाइम नही लागना व्हता."

हा टोमणा तिला झोंबला, आणि त्यानं तिची मागं फिरायची वाटही बंद केली. तीस बाया तिच्याकडे बघत होत्या. त्यांतल्या एकेकीनं तिच्या शब्दावर आपल्या घरच्या माणसावर काठी उचलली होती. कुणाच्या नवऱ्याचे दात गेले होते, कुणाच्या दिराचा हात मोडला होता. आज ती पोटच्या पोरासाठी नरमली असती तर चार दिवसांत पुन्हा भट्ट्या पेटल्या असत्या, आणि पुढच्या होळीला पुन्हा कुणाच्यातरी भावावर कुऱ्हाड चालली असती. हे सगळं खरं होतं. खरं होतं म्हणूनच तिला थांबता आलं नाही.

"सडवा पियेल शे," ती म्हणाली. "बांधा याले."

रुपली मध्ये पडली. "यास्नी पिधी नही, आत्या. तुना पाय पडस. मी महिनाभरपाईन देखी राहिनू, पानीशिवाय काही पिधं नही." दोघींनी तिला दंडाला धरून मागं ओढलं.

पहिली काठी मोतीबाईनं घातली, मांडीवर, आणि हलक्या हातानं नाही. हलकी घातली असती तर ती बायांच्या लगेच ध्यानात आली असती. चैत्राम ओरडला नाही. त्यानं आश्चर्यानं आईकडे पाहिलं फक्त.

"माठ कथा शेतस?" तिनं ठिकाण विचारलं.

"कसाना माठ, माय?"

दुसरी काठी पोटरीवर बसली. "कौतिकनी भरात ना? सांग. सांगशी तं सोडी देसु."

आता ज्या माणसाला माठाचं काही ठाऊकच नाही त्यानं सांगावं काय? पण काठीखाली माणूस काहीही सांगतो. चौथ्या काठीला चैत्राम म्हणाला, "हा, कौतिककडे शेतस. नालामा शेतस. पानी दे."

बाया पेटल्याच. अर्ध्याअधिक धावत नाल्यावर गेल्या. त्यांनी कौतिकच्या झोपडीचं छप्पर ओढून खाली पाडलं, त्याला केसांना धरून बाहेर काढला, चुलीपासून परसापर्यंत जमीन कुदळीनं उकरली. एक माठ मिळाला. त्यात प्यायचं पाणी होतं. तो फोडला, आणि सडव्याचे माठ मिळाले नाहीत याचा राग म्हणून कौतिकला त्याच्याच दारात तुडवला. तो लंगडा माणूस सांडलेल्या पाण्याच्या चिखलात पडून आईच्या नावानं रडत होता. मग रिकाम्या हातानं परत आल्या त्या दुप्पट रागानं, कारण आता पोरानं त्यांना खोटं सांगून नाचवलं होतं.

यानंतर कुणाची काठी कुठं बसली याला हिशेब राहिला नाही. एकीनं पाठीवर घातली, दुसरीनं खांद्यावर. धुरपदाबाईची बरगडीवर बसली आणि वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज आला. तो सगळ्यांनी ऐकला, तरी आणखी तीन-चार काठ्या पडल्याच, कारण उचललेल्या होत्या. रुपली हिसडा मारून सुटली आणि नवऱ्याच्या अंगावर पडली. तिच्या कोपरावर एक बसली. चैत्रामच्या तोंडातून रक्ताची लाळ लोंबायला लागली तेव्हा मोतीबाई म्हणाली, "बस."

बाया बाजूला झाल्या. दोघी-तिघी रडत होत्या, काठी हातात घेऊनच. चैत्राम खांबाला लोंबत होता आणि श्वास घेत होता, तसाच खोल, तसाच घाईचा. "पानी," तो म्हणाला. रुपली घरातून लोटा भरून घेऊन आली. तिनं तो त्याच्या ओठाशी नेला तेव्हा मोतीबाईनं लाथ मारून लोटा उडवला. पाणी मातीत गेलं.

"पानी देशी तं आखो चढी," ती सुनेला म्हणाली. "सकायलोंग उतरी जाई."

रुपली खांबाच्या बुडाशी बसली ती तिथंच बसून राहिली.

सकाळी ऊन चिंचेवर आलं तेव्हा मोतीबाई स्वतः लोटा घेऊन खांबाकडे गेली. मनातून ती जराशी सुटल्यासारखी झाली होती. कायदा पाळला होता, कुणाला बोलायला जागा ठेवली नव्हती, आता पोराला घरी न्यायचं, हळद लावायची, दूध पाजायचं. तिनं त्याची मान वर केली आणि सवयीनं तोंड हुंगलं. मग लोटा तिच्या हातून खाली आला.

वास वाढला होता. कालच्यापेक्षा दाट, कालच्यापेक्षा गोड, हातभर लांबून येत होता. दारू कसलीही असो, रात्रभरात तोंडाचा वास उतरतो. शिळा होतो, आंबट होतो, विरतो. बांधलेल्या माणसाच्या कोरड्या तोंडात तो आपोआप वाढत नाही. बावीस वर्षांत तिनं एकदाही तसं पाहिलं नव्हतं. म्हणजे हा वास तो बाहेरून पिऊन आला नव्हता. तो त्याच्या आतच तयार होत होता. काल खटकलेली ती एक गोष्ट आता तिच्यासमोर उभी राहिली आणि हलेना.

"यानी पिधी नही," ती म्हणाली.

ऐकायला रुपली एकटीच होती. तिनं मान वर केली, सासूकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

मोतीबाईनं विळ्यानं दोर कापला. चैत्राम पोत्यासारखा तिच्या अंगावर आला. डोळे अर्धे उघडे होते, पण हाक मारली तरी ओळख नव्हती. तोंडात घातलेलं पाणी गालावरून खाली आलं. तिनं पाड्यात शिरून हाका मारल्या, आणि त्या हाका ऐकून पहिला धावत आला तो तोताराम. घोंगडीची झोळी करून चौघांनी बांबू खांद्यावर घेतला. पुढचं टोक तोतारामनं कुणाला घेऊ दिलं नाही. वाटेत तो एकदाच बोलला, "मी काल बोलाले नको व्हतं." मोतीबाई झोळीला हात लावून चालत होती. तिला राग यायलाही सवड नव्हती.

जंगलखात्याच्या नाक्यापाशी गौतमचंद शेटजींचा ट्रक डिंकाची पोती भरत उभा होता. पाड्यातला डिंक आणि मोहाची फुलं ते दरसाल घेत, त्यामुळे मोतीबाईला ओळखत. झोळीतलं त्यांनी एकदाच पाहिलं. भरलेली पोती खाली फेकायला लावली आणि ट्रक चोपड्याला पिटाळला.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते, धुळ्याच्या देवपुरातले, नुकतेच रुजू झालेले. ते चैत्रामची पापणी उघडून बघायला वाकले आणि वाकलेलेच थांबले. मग त्यांनी नाक आणखी जवळ नेलं, अगदी मोतीबाई न्यायची तसं.

"किती दिवस पाणी पाणी करत होता?" त्यांनी विचारलं.

"महिनाभर," रुपली म्हणाली. कालपासून ती पहिल्यांदा बोलली.

डॉक्टरांनी नळीनं लघवी काढली, काचेच्या नळीत निळ्या औषधात तिचे थेंब टाकले आणि ती स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळं पाणी हिरवं झालं, पिवळं झालं आणि शेवटी विटेसारखं लाल. तोवर त्यांनी सुई भरायला घेतलीच होती.

"वासावरून वाटलं तरी ही दारू नाही, आई," सुई देता देता ते म्हणाले. "याला मधुमेह आहे. लहान वयातला, वाईट असतो. शरीराला साखर वापरता येत नाही, मग ते अंगातली चरबी जाळत सुटतं, आणि त्याचा वास श्वासात उतरतो. पिकल्या फळासारखा, गोड."

"मले सडवाना वास उना," मोतीबाई म्हणाली.

"येणारच. वास तुम्ही बरोबर घेतलात. खूप जणांना तर तो येतच नाही. आम्हीसुद्धा पुष्कळदा त्या वासावरूनच हा आजार ओळखतो."

डॉक्टरांनी हे धीर द्यायला म्हटलं असेल. मोतीबाईला मात्र काल तीस बायांनी मिळून चैत्रामला जेवढं मारलं त्यापेक्षा ते जास्त लागलं. तिच्या नाकानं तिला सांगितलं होतं. चावत नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं.

बाटलीतलं पाणी शिरेतून चढवलं, सुया झाल्या. अंगावरचा सदरा काढल्यावर डॉक्टरांना पाठ आणि बरगड्या दिसल्या. "काल आणला असता," ते म्हणाले, "नुसता पाणी पाजत पाजत आणला असता तरी..." आणि ते पुन्हा बाटलीकडे वळले. दुपारी चैत्रामचा श्वास आधी मंदावला, मग अडखळला, मग बंद झाला. आईला त्यानं शेवटपर्यंत ओळखलं नाही.

अंगावर वळ असलेलं मढं म्हटल्यावर पोलीस आलेच. जमादार पितांबर पन्नाशीचा, शांत माणूस. पाड्याच्या बायांचा प्रकार त्याला ठाऊक होता आणि मनातून पटतही होता, कारण त्याचं अर्धं काम त्यांनी कमी केलं होतं. तोवर धुरपदाबाई आणि आणखी पाच-सहा जणी पायपीट करत येऊन ओसरीत बसल्या होत्या. त्यानं सगळ्यांकडे पाहिलं, कागद मांडीवर घेतला आणि आवाज खाली आणला.

"मोतीबाई, जे झालं ते झालं. मी लिहितो, दारू पिऊन आला आणि दरडीवरून पडला. वास तर ट्रकवाल्यालाही आला असेल. त्यात खोटं काही नाही. नाहीतर तीस बायांना खुनाच्या कलमाखाली धुळ्याला न्यावं लागेल मला."

धुरपदाबाईनं मोतीबाईचा हात घट्ट धरला. "म्हनी टाक, मोती. पिधेल व्हता म्हन. बठ्ठ्यास्ना घरमा धाकलं पोऱ्यं शेतस. तो तं गया आते."

मोतीबाई आत खाटेकडे बघत होती. पोरगं उभ्या आयुष्यात एक घोट प्यायलं नव्हतं. बापासारखा होऊ नये म्हणून तिनं जे जे केलं ते सगळं त्यानं निमूट सोसलं होतं, कालची काठीसुद्धा. आणि आता कागदावर तो भुराचाच पोरगा म्हणून जाणार होता. पण धुरपदाबाईचा हात खरा होता, आणि तिच्या घरातली तीन लेकरंही खरी होती. तिनं तो हात हळूच सोडवला.

"लिखा," ती म्हणाली. "मना पोऱ्यानी पिधी नही व्हती. कधीच नही. आनी बठ्ठ्या काठ्या मीच मारेल शेतस."

"एकट्या बाईनं? एवढ्या?"

"मना हात भारी शे."

जमादारानं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले. धुरपदाबाईनं तोंडावर पदर घेतला आणि हुंदके द्यायला लागली. जमादारानं दोनदा पुन्हा विचारलं, दोनदा तेच उत्तर मिळालं, तेव्हा सुस्कारा टाकून त्यानं लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर मोतीबाईनं शाईत अंगठा बुडवला आणि तो दाखवेल तिथं उठवला.

तेवढ्यात रुपली आतून आली. डावा हात कोपरापासून सुजून लटकत होता. ती सासूसमोर उभी राहिली आणि तिनं उजव्या हातानं तिच्या तोंडात मारली, सगळा जोर लावून. मग पुन्हा मारली. ओठ फुटला. तिसऱ्या वेळी बाया उठल्या, पण मोतीबाईनं हात आडवा करून त्यांना अडवलं आणि तोंड पुढंच ठेवलं. रुपली मारत राहिली, हात थकेपर्यंत, आणि मग तिथंच भुईवर बसली.

जमादारानं टाक पुन्हा उचलला होता. मोतीबाईनं ओठावरचं रक्त पदरानं पुसलं.

"हाई लिखू नका, जमादारभाऊ," ती म्हणाली. "हाई आमना घरनं शे."